दुसरी किक

मुलींच्या ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोकची ती शर्यत होऊन बरेच दिवस झाले. निकाल लागला, निवडयादी लागली, पोरी राज्य स्पर्धेला जाऊनही आल्या. माझ्या डोक्यातून मात्र ती शर्यत जात नाही. घरी विषय काढला की नवरा म्हणतो, "तू काय कुणाचं चोरलंस का?" नाही चोरलं. चोरलं असतं तर एव्हाना विसरलेही असते.

मी बडोद्यात एका शाळेत पीटी शिकवते आणि पोहण्याच्या स्पर्धांना टर्न जज, म्हणजे भिंतीपाशी वळणावर नजर ठेवणारी पंच, म्हणून उभी राहते. पंच म्हटलं की लोकांना शिट्टी आठवते. शिट्टी रेफरीची. आम्ही काठावर उभं राहून पोहणाऱ्यांच्या हातापायांकडे बघायचं, चुकलं तर हात वर करायचा आणि चिठ्ठी लिहून सही करायची. मानधन रिक्षाभाड्यात जातं, पांढरे कपडे आपले आपण आणायचे, आणि बूट सकाळी भिजतात ते संध्याकाळपर्यंत तसेच. आमच्याकडच्या मराठी घरांत व्यायामाचं वेड जुनं. माझे आजोबा जुम्मादादा व्यायाममंदिरात मल्लखांब करायचे. पोहणं त्यांच्या लेखी विहिरीत उडी मारून वर येणं, त्यात नियम कसले?

ब्रेस्टस्ट्रोकमध्ये नियमच नियम असतात. फ्रीस्टाइलमध्ये कसंही पोहा. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये दोन्ही हात एकदम, दोन्ही पाय एकदम, आणि शेवटी भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागले पाहिजेत, तेही एकावर एक ठेवलेले चालत नाहीत. शिवाय हा सगळ्यांत संथ प्रकार. प्रत्येक किकनंतर वेग वाढतो आणि पाय परत ओढून घेतले की पडतो. सूर मारल्यावर मिळालेला वेग पुढे पोहून कधीच मिळत नाही, म्हणून जाणकार पोहणारी तो पाण्याखालीच पुरवून पुरवून वापरते. त्यालाच पुलआउट म्हणतात: अंग ताणून सरकायचं, हात एकदा थेट मांड्यांपर्यंत ओढायचे, मग पहिली ब्रेस्टस्ट्रोक किक आणि वर. या सगळ्यात डॉल्फिन किक, म्हणजे पाय जोडून मारलेला फटका, एकच चालतो. पूर्वी तोही चालत नसे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये जपानच्या कोसुके किताजिमानं तो मारला म्हणून अमेरिकन संघानं गहजब केला आणि पुढच्याच वर्षी नियम बदलून एक किक मोकळी केली. दुसरी मारली की बाद.

पन्नास मीटरच्या तलावात ५० मीटरची शर्यत म्हणजे टर्नच नाही. चूक व्हायची ती सुरुवातीला किंवा शेवटी. लिथुआनियाच्या रूटा मेइलुटिटेनं २०२३ मध्ये फुकुओकाला २९.१६ सेकंदांचा विश्वविक्रम केला, तो व्हिडिओ मी शाळेतल्या मुलींना दाखवते. पोरी तिचे हात बघतात, मी तिचे पाय. पाण्याखालच्या कॅमेऱ्यातून सगळं कसं स्वच्छ दिसतं! तसं आम्हाला कधी दिसत नाही.

आम्ही कुठे उभे असतो ते सांगते, कारण खरी गोम तिथेच आहे. सुरुवातीच्या टोकाच्या टर्न जजची हद्द इतर प्रकारांत पहिला हात मारून होईपर्यंत असते, ब्रेस्टस्ट्रोकमध्ये दुसरा हात मारून होईपर्यंत. तोवर पोरगी माझ्यापासून दहा-बारा मीटर लांब गेलेली असते, पाण्याखाली, माझ्याकडे तळपाय करून. आमच्या तलावावर सूर मारायचे ब्लॉक पश्चिमेला आहेत. सकाळी साडेआठला सूर्य बरोबर समोर येतो आणि पाण्याचं चकचकीत ताट होतं. नियमाप्रमाणे प्रत्येक लेनला, दोन्ही टोकांना एकेक टर्न जज हवा. २०२५ मध्ये अहमदाबादला आशियाई जलतरण स्पर्धा झाली तेव्हा मी प्रेक्षकांत बसून हेच बघत होते, प्रत्येक लेनमागे एक माणूस. आमच्याकडे दोन लेनना एक. बाजूच्या काठानं पोहण्याची पद्धत बघणारा एक स्ट्रोक जज चालत असतो, पण एकाच बाजूनं, आणि एका नजरेत आठ जणी मावत नाहीत. पदाधिकाऱ्यांच्या शालींना पैसे असतात, जजना नसतात.

तर त्या दिवशी लेन तीन आणि चार माझ्याकडे होत्या. जिल्ह्याची निवड चाचणी, मोठ्या मुलींचा गट, या शर्यतीतून एकीचीच जागा. लेन चारमधली पोरगी सुरुवातीलाच अर्ध्या अंगानं पुढे निघाली. मला दिसलं ते एवढंच: दोन पाय जोडलेले, एक हालचाल, मग चकाकी, मग ती वर. शेवटी दोन्ही हात नीट लागल्याचं पलीकडच्या टर्न जजनं सांगितलं. स्टॉपवॉच तीन. त्यांतली दोन जुळली तर ती वेळ धरतात, तिन्ही वेगळी पडली तर मधली. तिन्ही वेगळी पडली. मधली ३७.६४. लेन पाच ३७.९१.

वेळा अजून टेबलावर लिहिल्या जात होत्या, तेवढ्यात ती टॉवेल गुंडाळून माझ्यापाशी आली. ओठ निळे पडलेले.

"मावशी, लेन चार तुमचीच ना?"

"हो. का गं?"

"मी दोन मारल्या. एक हात ओढायच्या आधी, एक नंतर. सर म्हणाले होते, दुसरी बारीक मार, वरून दिसत नाही."

मी तिच्याकडे बघतच राहिले.

"मग आता डीक्यू करणार? बाद?"

घाबरली नव्हती, रडतही नव्हती. रेल्वे खिडकीवर तिकीट रद्द होईल का विचारावं, तशी विचारत होती.

तिला तिथेच थांबवून मी रेफरींकडे गेले. रेल्वेतून निवृत्त झालेले गुजराती गृहस्थ आहेत, नियमांचं पुस्तक कोळून प्यायलेले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बेन, जे जोयुं नथी ते लखाय नहीं." जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही. मी पुन्हा सांगितलं, पोरगी स्वतः कबूल करतेय. ते म्हणाले, कबुलीला फॉर्मवर रकाना नाही. उद्या एखादा कोच हरलेल्या पोरीला पुढे करील, एखादी मोठी मुलगी लहानीला दमात घेऊन कबूल करायला लावील, मग काय करायचं? आणि पाण्याखाली शरीराला काय काय भास होतात ते तुम्हालाही माहीत आहे.

ते खरं आहे. हात जोरात ओढले की कंबर वर-खाली होते आणि पाय आपोआप झुकतात. ती किक नव्हे. नवीन जज त्यावरही हात वर करतात आणि मग चहाच्या वेळी आपसात भांडतात. पण या पोरीनं कंबर हलल्याचं सांगितलं नव्हतं. आधी कधी, नंतर कधी, कुणी शिकवली, सगळं सांगितलं होतं.

निकाल कायम राहिला. माझ्या जागी कोणीही उभं असतं तरी त्या चकाकीत दुसरी किक दिसली नसती, आणि रेफरींनी केलं ते नियमाला धरूनच होतं. दोन्ही मला पटतं. अडचण वेगळीच आहे.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या कॅमेरॉन व्हॅन डर बर्गनं १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक ५८.४६ च्या विश्वविक्रमासह जिंकली आणि नंतर वर्तमानपत्राला सरळ सांगून टाकलं, की जादा किक मारल्या, सगळेच मारतात, न मारणारा मागे पडतो. पाण्याखालचं चित्रण जगानं पाहिलं होतं, पण निर्णयासाठी ते वापरायचं नव्हतं. पदक राहिलं. आमच्या सेवउसळीच्या लारीवर त्या संध्याकाळी एका सहकाऱ्यानं हाच दाखला दिला: ऑलिंपिकला चालतं, तिथे आपण कोण? मला तो दाखला लागू होत नाही असं वाटतं. व्हॅन डर बर्ग बोलला तेव्हा सुवर्ण गळ्यात पडून दिवस लोटले होते. ही पोरगी निकाल पुकारायच्या आधी आली, अंग पुसायच्याही आधी. तेव्हा तिच्याकडे गमवायला सगळं होतं, आणि तिचं बोलणं घ्यायला आमच्याकडे जागाच नव्हती.

लेन पाचवाल्या मुलीची आई नंतर मला गाठून विचारत होती, "पॉइंट सत्तावीस म्हणजे किती हो?" मी हातानं दाखवलं, फूटभराहून थोडं जास्त. पॅरिसला २०२४ मध्ये १०० मीटरचं कांस्य १:०५.५९ ला गेलं आणि लिली किंग व बेनेदेत्ता पिलातो दोघी १:०५.६० ला चौथ्या राहिल्या, हेही सांगितलं. तेवढंच सांगितलं. सहकारी म्हणतात, बरं केलंस. एकजण म्हणाली, त्यांना कळायला हवं होतं. कळून त्या काय करणार होत्या? लेखी तक्रार अर्ध्या तासात, शुल्क भरून, आणि जजनं काय पाहिलं यावर तक्रार चालतच नाही.

त्या कोचबद्दल मी फार लिहीत नाही. असे प्रत्येक तलावावर असतात. पोरींना दिवसाला शेकडो किक मारायला लावतात, आणि त्यातली एक जजच्या नजरेआड कशी मारायची तेही शिकवतात. त्यांची हुशारी खरी आहे, याचाच जास्त राग येतो.

पुढच्या स्पर्धेआधी मी रेफरींकडे मागणी केली: ब्रेस्टस्ट्रोकला बाजूच्या काठावर, दहा मीटरच्या आसपास, एक स्ट्रोक जज नुसता उभा ठेवा, चालवू नका. सूर्य पाठीशी येईल असा. त्यांनी पुस्तक उलगडून पाहिलं आणि तसा जज ठेवला. सकाळच्या सत्रात दोन डीक्यू झाले, दोन्ही दुसऱ्या डॉल्फिन किकचे, दोन्ही त्याच कोचच्या मुली. तो टेबलाशी येऊन ओरडत होता, की इतकी वर्षं हे कुणाला दिसलं नाही ते आजच कसं दिसलं.

लेन चारवाली त्या दिवशी यादीत नव्हती. टेबलावरच्या मुलाला विचारलं. म्हणाला, "नाव मागे घेतलंय. दहावी आहे म्हणे."