शब्दकोडं बॉट : ‘गुऱ्हाळ’ बरोबर, तरीही चूक

हाइव्ह ह्या ब्लॉकचेनवर चालणाऱ्या समाजमाध्यमावर माझा बॉट मराठी शब्दकोडी टाकतो आणि प्रतिसादात आलेली उत्तरं तपासतो. मागच्या अपडेटमध्ये सीलबंद उत्तराची, म्हणजे उत्तर आधीच कुलूपबंद करून ठेवायची, पद्धत चालू केल्याचं सांगितलं होतं. ती चालली. इतकी चोख चालली, की बरोबर उत्तर देणाऱ्यांनाच बॉटनं ‘चूक’ म्हणून परत पाठवलं आणि हाइव्हवर नुसता दंगा उसळला.

कोडं साधं होतं. दहा बाय दहाची अक्षरांची चौकट, त्यात शब्द शोधायचे, विषय ऊस आणि गूळ. काहील, चुलवाण, काकवी, चिपाड, मळी, गुळव्या, ढेप हे शब्द यादीत दिलेले आणि एक गुपित शब्द न सांगता लपवलेला. सूत्र: ‘ऊस आत, गूळ बाहेर’. कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरालाही यावं असं उत्तर. कागलच्या एका गुरुजींनी सगळ्यात आधी ‘गुऱ्हाळ’ टाकलं. बॉट म्हणाला, चूक. त्यांनी पुन्हा टाकलं, पुन्हा चूक. मग गुरुजींचा प्रतिसाद आला: ‘अहो, गुऱ्हाळ आमच्या दारात हाय. तुमच्या बॉटला घेऊन या, काकवी पाजतो.’

तेवढ्यावर मिटलं असतं. पण थोड्या वेळानं इचलकरंजीच्या एका पोरानं तेच उत्तर टाकलं आणि बॉटनं त्याला शाबासकी दिली. झालं, वशिल्याचा आरोप सुरू. त्यात आपण मोठ्या तोऱ्यात जाहीर केलेलं की कोडं टाकण्याआधी उत्तर आणि सॉल्ट (त्यात मिसळलेला गुप्त मजकूर) मिळून एसएचए-२५६ हॅश, म्हणजे मजकुराचा ठसा, ब्लॉकचेनच्या साखळीवर ठेवलाय, शेवटी सॉल्ट उघड करू, ज्याला शंका असेल त्यानं स्वतः ताडून बघावं. सॉल्ट उघडल्यावर लोकांनी ताडून बघितलं. काहींचा जुळला, काहींचा नाही. पारदर्शकतेसाठी केलेला खटाटोप लबाडीचा पुरावा होऊन बसला. ब्लॉक दर तीन सेकंदांनी पुढं जातो आणि एकदा लिहिलं ते लिहिलं, त्यामुळं हॅश बदलायचीही सोय नाही.

भानगड ‘ऱ्ह’मध्ये होती. प्रतिसाद कच्च्या स्वरूपात काढून एकेक संकेत (संगणकातला अक्षराचा क्रमांक) सुटा केला, तेव्हा उजेड पडला. दिसायला एकच शब्द, आत तीन वेगवेगळे.

पहिलं रूप: ग, उकार, ऱ (युनिकोड ०९३१), हलंत, ह, काना, ळ. सात संकेत. माझ्या शब्दसाठ्यात हेच होतं आणि हॅशही ह्याचाच. दुसऱ्या रूपात साधा र, हलंत, त्यापाठोपाठ डोळ्यांना न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर (अक्षरं कशी जोडायची ते सांगणारं चिन्ह), मग ह. आठ संकेत. तिसऱ्यात साधा र आणि खाली सुटा नुक्ता (टिंब). हेही आठ. पडद्यावर तिन्हींना तीच चंद्रकोरीसारखी आडवी रेघ. हॅशला पडदा दिसत नाही, बाइट दिसतात.

तुम्ही म्हणाल, एनएफसी (एकाच अक्षराची वेगवेगळी लिखाणं एकसारखी करायची युनिकोडची पद्धत) लावलं नव्हतं का? लावलं होतं की. एनएफसी तिसऱ्या रूपाला पहिल्यात आणतं, म्हणून ती मंडळी सुटली. जॉइनरवाल्या रूपाला ते हात लावत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ते वेगळंच लिखाण आहे. वर साफसफाईचं जे तयार फंक्शन सगळीकडं फिरतंय, ते अदृश्य चिन्हं सरसकट उडवतं. इंग्रजी मजकुराला ठीक. मराठीत जॉइनर उडाला की ‘ऱ्ह’चा रफार होतो आणि ‘गुर्हाळ’ उरतं. गुरुजींचं उत्तर नेमकं असं बॉटपर्यंत पोचत होतं. मराठी मजकुरावर ते फंक्शन कुणी आंधळेपणानं लावू नका, हे माझं स्पष्ट मत.

आता क्रम असा ठेवलाय: आधी एनएफसी, मग ‘र, हलंत, जॉइनर’ दिसलं की त्याचं ‘ऱ, हलंत’, आणि उरलेली अदृश्य चिन्हं सगळ्यात शेवटी साफ. क्रम उलटा झाला की सगळं मुसळ केरात. हे करताना ‘ॲप’ही सापडलं. तो ‘ॲ’ एकसंध अक्षर म्हणून येतो, अ आणि अर्धचंद्र असा जोडून येतो, कधी हिंदी वळणाचा ‘ऍ’ येतो, आणि एनएफसी ह्या तिघांची सोयरीक जुळवत नाही. तिथंही हातानं नियम घातला. ‘अन्त’ आणि ‘अंत’ एक धरायचा नियमही त्यातच बसवला, फक्त पुढचं व्यंजन त्याच वर्गातलं असेल आणि ते अनुनासिक नसेल तरच. नाहीतर ‘अन्न’चं वाटोळं.

राहिली ती मंडळी, जी फोनवर सरळ रफार देऊन ‘गुर्हाळ’ लिहितात. त्यांनाही बरोबर द्यावं असं मनात होतं. पण रफार आणि ऱ सरसकट एक धरले तर ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ एकच होतात, आणि आचार्यांना द्यायचं ते आचाऱ्यांना जातं. म्हणून तोडगा असा: दोन्ही रूपं शब्दसाठ्यात स्वतंत्र शब्द म्हणून असतील तर बॉट कडक, नसतील तर सढळ. शुद्धलेखनवाल्यांची माफी मागतो, पण कोडं सोडवणारा माणूस परीक्षेला बसलेला नसतो.

इथून पुढं हॅशसोबत नियमावलीही आधीच कस्टम जेसनमध्ये (साखळीवरच्या मोकळ्या नोंदीत) टाकणार. नुसतं उत्तर सीलबंद करून भागत नाही, उत्तर कसं मोजणार तेही सीलबंद पाहिजे. ‘गुऱ्हाळ’ लिहिणाऱ्या सगळ्यांना बक्षीस हातानं पाठवलं. हातानंच, कारण बॉट ज्या छोट्या संगणकावर चालतो त्या रास्पबेरी पायवर फक्त पोस्टिंग की (पोस्ट आणि प्रतिसाद लिहायची किल्ली) ठेवतो. टोकन पाठवायला ॲक्टिव्ह की लागते आणि ती घरातल्या पेटीएवढ्या यंत्रात रात्रंदिवस उघडी ठेवायची माझी छाती नाही.

आता जरा गोड बातमी. कोड्याच्या चित्रातली अक्षरं एकदाची मराठी दिसायला लागली! पिलोला (चित्रं काढणारी पायथन लायब्ररी) राक्म (अक्षरांची मांडणी करणारी लायब्ररी) जोडून भाषा मराठी सांगितली, की ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे येतात. फॉन्टमध्ये ती सोय असली पाहिजे, एवढंच. वेलांटीही अक्षराच्या डाव्या अंगाला गुमान बसते. पहिलं नीट चित्र मी उगाचच मोठं करून बघत बसलो होतो.

भरतीच्या अक्षरांचाही पेच सुटला. रिकाम्या घरांत साधी अक्षरं भरली की जोडाक्षर लांबूनच चमकतं. तालुक्यांच्या कोड्यात ‘ग्ल’ दिसला की गडहिंग्लज सापडलंच, शोधायचं काय राहिलं? आता भरती शब्दसाठ्यातल्या अक्षरांच्या वारंवारितेनुसार होते, त्यामुळं खोटे ‘ग्ल’ आणि ‘न्हा’ही पेरले जातात. पन्हाळा शोधणाऱ्याला आता घाम फुटतो. (अक्षरं तोडायला अजून माझाच रेगेक्स, म्हणजे नमुना ओळखायचं सूत्र. जोडाक्षर अखंड ठेवायचा नियम युनिकोड १५.१ मध्ये, २०२३ साली आला. जुन्या लायब्रऱ्या अजून ‘ल्हा’ मधूनच चिरतात.)

वीज गेल्यावर बॉट हाताळलेल्या शेवटच्या ब्लॉकपासून पुढं वाचतो. तासभर लाइट गेली तर बाराशे ब्लॉक, ते चटकन उरकतात. हाइव्हशी बोलणाऱ्या बीम ह्या पायथन लायब्ररीबद्दल मात्र माझं मन खट्टू आहे. चालते, पण बरीच वर्षं तिची कुणी निगराणी केल्यासारखी वाटत नाही.

खरी डोकेदुखी अजून तशीच आहे: पहिलं बरोबर उत्तर प्रतिसादात पडलं की बाकीचे ते उचलतात. एन्क्रिप्टेड मेमोनं (टोकनसोबत जाणाऱ्या गुप्त चिठ्ठीनं) उत्तर मागवायचं ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिता दुसरंच सुचलं. प्रत्येकाला चौकटच वेगळी दिली तर? कुणी ‘!कोडं’ लिहिलं की बॉट त्याच्या खात्याच्या नावावरून चौकट आणि गुपित शब्द ठरवणार. शेजाऱ्याचं उत्तर उचलून फायदा शून्य. कोड खुला आहे, त्यामुळं नुसत्या नावावरून कुणीही उत्तर काढेल. म्हणून नावात गुप्त सॉल्ट मिसळायचा, त्याचा हॅश आधी टाकायचा, आणि सातव्या दिवशी पोस्टच्या पेआउटची (मतांवरून मिळणाऱ्या कमाईची) वेळ झाली की सॉल्ट उघडा करायचा. मेमोचा बेत रद्द. चित्रंही रद्द, एवढी चित्रं ठेवणार कुठं? चौकट मार्कडाउनच्या (साध्या मजकुरातल्या) तक्त्यात जाईल. ‘ल’च्या वळणावर इतकी मेहनत घेतली ती मुख्य पोस्टपुरतीच उरली, त्याचं वाईट वाटतंय.

बॉटचे प्रतिसाद वाढले की आरसी (साखळीवर लिहायला लागणारे रिसोर्स क्रेडिट) पुरणार नाहीत. एका मित्रानं आरसी डेलिगेट करायचं (वापरायला द्यायचं) कबूल केलंय. आणि बॉटच्या सगळ्या पोस्टचा पेआउट नाकारायचं पक्कं केलंय. यंत्रानं काढलेल्या कोड्यावर कमाई केली की डाउनव्होट पडतात, आणि मला ते रास्त वाटतं. लोक यावेत, भांडावेत, एकमेकांच्या पोस्ट वाचाव्यात एवढ्यासाठीच हा उद्योग. तसं बघितलं तर ‘गुऱ्हाळ’च्या भांडणात जेवढे प्रतिसाद आले तेवढे सुरळीत चाललेल्या एकाही कोड्याला आले नव्हते.

पुढचा विषय कुस्ती. धोबीपछाड, कलाजंग, घिस्सा, ढाक, मोळी एवढे डाव जमलेत, अजून पाहिजेत. तालमीत जाणारं कुणी असेल तर पाठवा, आणि सोबत ‘कऱ्हाड’ हा शब्द टाइप करून कीबोर्ड कोणता तेही लिहा. कुठला कीबोर्ड कुठलं रूप देतो त्याचा तक्ता करायला घेतलाय.