पापण्या उचलेनात

ऑगस्टमधली पहाट, सव्वापाच. पन्नाशीची बाई, घरात जमिनीवर गोधडी अंथरून झोपलेली. तीनला पोटात कळ येऊन उठली, दोनदा ओकली. मुलाने आधी ओवा-मीठ दिलं, मग रिक्षात घालून उपजिल्हा रुग्णालयात आणलं. केसपेपरवर ‘पोटदुखी’ लिहून झालं होतं. पोट हाताला मऊ लागलं. खटकलं ते वेगळंच. बोलताना बाई हनुवटी वर करून, नाकाच्या शेंड्यावरून बघितल्यासारखी बघत होती.

“मावशी, मान अशी का धरलीय?”

“पापण्या उचलंनात. अन् तुम्ही दोन-दोन दिसताय.”

पावसाळा, जमिनीवरची झोप, पहाटेची पोटदुखी, उतरलेल्या पापण्या. एवढं जुळलं की मण्यार साप चावला असं धरून चालायचं. चाव्याची खूण शोधत बसू नये. तिचे दात बारीक असतात, सूज येत नाही, दुखतही नाही, माणूस बहुधा झोपेतून उठतसुद्धा नाही. या बाईच्या दंडावरचे डास चावल्यासारखे दोन ठिपके सिस्टरांना नंतर, कपडे बदलताना दिसले. २ मिली रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवलं आणि तिरकं केलं. घट्ट गोठलं होतं, म्हणजे घोणस नव्हे; तिच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. (नळी साबणाने धुतलेली असेल तर ही चाचणी फसते. प्लास्टिकची तर चालतच नाही.)

मग बाईला एका श्वासात आकडे मोजायला सांगितले. धडधाकट माणूस तीसच्या आसपास सहज जातो. ती १४ वर थांबली. उशीवरून डोकं उचलता येत होतं, पण तेही जेमतेम. बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ९७ दिसत होता. त्या आकड्यावर विसंबून माणसं गमावली जातात. छातीचा भाता मंदावल्यावर आधी कार्बन डायऑक्साइड साचतो. ऑक्सिजन खूप उशिरा घसरतो, आणि नाकाला ऑक्सिजन लावला असेल तर त्याहून उशिरा.

एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या उताऱ्याच्या, १० कुप्या घेतल्या. प्रत्येकीत १० मिली पाणी घालून कुपी हातात फिरवत विरघळवायची, झटकायची नाही, नाहीतर फेस होतो. सगळं सलाईनमध्ये घालून तासाभरात द्यायचं. एएसव्हीची अ‍ॅलर्जी उठली तर म्हणून शेजारी अ‍ॅड्रेनलिन ०.५ मिलिग्रॅम सिरिंजमध्ये भरून तयार हवं. मूल असलं तरी कुप्या तेवढ्याच, कारण सापाने विष काही वजन बघून टोचलेलं नसतं.

सोबत स्नायूंची ताकद परत येते का बघायला निओस्टिग्मिन १.५ मिलिग्रॅम, त्याचे दुष्परिणाम आवरायला त्याआधी अ‍ॅट्रोपीन ०.६ मिलिग्रॅम. पापण्यांमधली फट पट्टीने मोजून ठेवली होती: ४ मिलिमीटर. तासाभराने पुन्हा मोजली. ४ मिलिमीटरच.

इथे थोडं शरीरशास्त्र सांगावं लागेल. मेंदूचा हुकूम मज्जारज्जूत उतरतो, तिथल्या चेतापेशीतून निघालेल्या तंतूवरून सेकंदाला ५०-६० मीटर वेगाने स्नायूपर्यंत पोचतो आणि अगदी दाराशी येऊन थांबतो. तंतूचं टोक आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात, मध्ये सूक्ष्म फट असते. टोकात कॅल्शियम शिरतं, तिथल्या पिशव्या फुटतात, असिटिलकोलीन हे निरोप नेणारं रसायन फटीत सांडतं, पलीकडच्या ग्राहकांवर (रिसेप्टरवर) बसतं आणि स्नायू आवळतो. नागाचं विष पलीकडचे ग्राहक अडवून बसतं. तिथे निओस्टिग्मिनने असिटिलकोलीन जास्त वेळ टिकवलं की पापण्या उघडतात. मण्यारीचं विष मुख्यतः अलीकडचं टोकच निकामी करतं. मालच सुटत नाही, मग टिकवणार काय? एएसव्ही रक्तातलं मोकळं विष पकडतं, बिघडलेली टोकं दुरुस्त करत नाही. ती शरीराला नव्याने उभारावी लागतात आणि त्याला दिवस लागतात. तोवर श्वास आपण पुरवायचा. उपचार खरा तोच.

पावणेआठला मोजणी ६ वर आली, आवाज नाकातला झाला, लाळ घशात साचू लागली. कुशीवर वळवून सक्शन केलं, झोपेचं औषध देऊन नळी घातली. व्हेंटिलेटर जोडेपर्यंत अँब्यू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, दर ५ सेकंदांनी एकदा. घाबरलेला हात दुप्पट वेगाने दाबतो, म्हणून बॅग दाबणाऱ्याला मोठ्याने आकडे म्हणायला लावावे.

दुपारी बाई लाकडासारखी पडलेली. पापणी बोटाने उचलून टॉर्च मारला. बाहुल्या मोठ्या, हलायला तयार नाहीत. पायथ्याशी उभं राहून कुणीतरी म्हणालं, “मेंदू गेला वाटतं.” सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बाहुली आकसणारा स्नायूही असिटिलकोलीनवरच चालतो, त्यामुळे मण्यारीच्या रुग्णात बाहुलीवरून मेंदूचा निकाल लावता येत नाही. विष मेंदूपर्यंत पोचलेलं नव्हतं. कान, त्वचा, दुखणं वाहून नेणारे तंतू शाबूत होते. तुटलं होतं ते शेवटचं केसाहून बारीक अंतर.

कानाशी वाकून म्हटलं, “मावशी, ऐकू येत असेल तर पायाचा अंगठा हलवा.” उजवा अंगठा हलला. हलला म्हणजे किती, तर नखावरचा उजेड सरकला एवढंच. मुलाला आत बोलावलं. तो “आये” म्हणाला तशी मॉनिटरवरची नाडी ८८ वरून ११२ वर गेली. तेव्हापासून पलंगाजवळ कुजबुज बंद. सुई टोचण्याआधी सांगायचं, झोपेचं औषध चालू ठेवायचं, उघड्या राहणाऱ्या डोळ्यांत मलम घालून वर चिकटपट्टी लावायची, दर २ तासांनी कूस बदलायची.

तिसऱ्या दिवशी भुवया हलल्या, चौथ्या दिवशी पापण्यांत फट दिसली. पाचव्या दिवशी डोकं उशीवरून उचलून ५ सेकंद धरलं. सहाव्या दिवशी नळी काढली. दोन घोट पाणी प्यायल्यावर घोगऱ्या आवाजात बाईने तक्रार केली: ती घशातली नळी फिरवायची तेव्हा लई दुखायचं. आणि पायथ्याशी उभा होता तो उंच माणूस कोण, तेवढं सांगा.