फोर पोल की थ्री पोल: जनरेटरच्या अर्थिंगचा माझा अनुभव

ड्रॉइंग तपासणीतून परत आलं ते एका शेऱ्यासह: ‘जनरेटर सेपरेटली डिराइव्ड सिस्टीम (म्हणजे मेन सप्लायपासून स्वतंत्र धरायची वीजव्यवस्था) आहे की नाही, ते दाखवा.’ काम अमेरिकेच्या एनईसी कोडनुसार (विजेच्या जोडणीचे नियम) चाललेलं, सप्लाय 480/277 व्होल्टचा.

साइटवर प्रत्येकाचं मत ठाम. जनरेटरवाल्यांचं म्हणणं, इंजिन वेगळं, अल्टरनेटर वेगळा, मग सिस्टीम वेगळीच की! ऐकायला पटतं. पण कलम 250.30 खालची टीप वाचली तर मुद्दा न्यूट्रलचा आहे. जनरेटरचा न्यूट्रल मेन सप्लायच्या न्यूट्रलशी थेट जोडलेला राहत असेल, तर ती वेगळी सिस्टीम धरायची नाही. म्हणजे उत्तर ट्रान्सफर स्विचमध्ये, म्हणजे लोड मेनवरून जनरेटरवर फिरवणाऱ्या स्विचमध्ये होतं.

स्विच उघडला. थ्री पोल, म्हणजे फक्त तीन तारा फिरवणारा. तिन्ही फेज बदलत होते आणि दोन्हीकडचे न्यूट्रल एकाच बसबारवर घट्ट बोल्ट केलेले. म्हणजे शेऱ्याचं उत्तर ‘नाही’. मग जनरेटरचा टर्मिनल बॉक्स उघडला, तर न्यूट्रल आणि फ्रेममध्ये तांब्याची जाड पट्टी, थेट कारखान्यातून बसवून आलेली. मेन पॅनेलमध्ये न्यूट्रल-अर्थ जोड होताच. असे दोन जोड झाले की न्यूट्रलच्या करंटला परतायला दोन वाटा मिळतात. कुठेही फॉल्ट नसताना अर्थच्या वायरला क्लॅम्प मीटर लावला, तरी आकडा दिसत होता.

आता एक तर पट्टी काढायची, नाहीतर फोर पोल स्विच बसवून न्यूट्रलही तोडायचा. पट्टी काढणं स्वस्त. पण मेन ब्रेकरवर ग्राउंड फॉल्ट संरक्षण (करंट अर्थकडे गळला तर ब्रेकर पाडणारं) होतं, आणि न्यूट्रल कायम जोडलेला राहिला तर जनरेटर चालू असताना फॉल्टचा करंट मेनकडून वळसा घेतो आणि ते संरक्षण फसतं. म्हणून मी फोर पोलचा आग्रह धरला. खर्चावरून कुरकुर झाली, ती अपेक्षितच होती. न्यूट्रल आता तुटणार असल्याने पट्टी तशीच ठेवली आणि जनरेटरपासून इमारतीच्या अर्थ इलेक्ट्रोडपर्यंत वायर ओढली.

‘शेजारी एक रॉड ठोकू, झालं अर्थिंग’ ही सूचनाही आलीच. रॉडचा रोध 25 ओहम धरला तर 277 व्होल्टला जेमतेम 11 अँपिअर वाहतील. तेवढ्यावर 100 अँपिअरचा ब्रेकर कशाला पडतोय! फॉल्टचा करंट तारेनेच परत यायला हवा.

यूपीएसचं काम लवकर आटोपलं. बायपासचा (यूपीएसला वळसा घालून थेट मेनवर चालवणाऱ्या वाटेचा) न्यूट्रल आरपार जात होता, त्यामुळे तिथे वेगळा जोड द्यायचाच नव्हता.

इन्स्पेक्टर आले, स्विचचं दार उघडायला लावलं, पोल मोजले, जनरेटरमधली पट्टी पाहिली आणि सही केली. ड्रॉइंगवर ‘सेपरेटली डिराइव्ड: होय’ असं मोठ्या अक्षरात लिहायला मात्र त्यांनी सांगितलं.