एकवीस दिवसांचा हिशेब

२० सप्टेंबर २०२२ ला युगांडा सरकारनं इबोलाची साथ जाहीर केली आणि त्या रात्री माझ्या फोनची बॅटरी नातेवाइकांनीच संपवली. आई म्हणाली, "मिळेल त्या विमानानं निघून ये." काका म्हणाले, "खिडक्या बंद ठेव." मी कंपालात, साथ पश्चिमेकडच्या मुबेंडे जिल्ह्यात. खिडक्यांचा सल्ला कोरोनाच्या धास्तीतून आला होता. पण काका, इबोला हवेतून येत नाही हो.

आजारी माणसाचं रक्त, उलटी, जुलाब, लाळ, घाम हे आपल्या डोळ्यांत, तोंडात किंवा कातडीवरच्या एखाद्या चिरेत गेलं तर तो लागतो. लक्षणं दिसेपर्यंत माणूस दुसऱ्याला रोग देत नाही. घोळ होतो तो पहिल्या दिवसांत. ताप, डोकेदुखी, अंग मोडून येणं, घसा धरणं. इथे अशा तापाला जो तो मलेरिया म्हणतो आणि बहुतेक वेळा तो मलेरियाच असतो. रक्तस्राव सिनेमात लगेच दिसतो. प्रत्यक्षात होतो तो उशिरा, आणि सगळ्यांना होतही नाही. आजार वाढेल तसे अंगातले विषाणू वाढतात, मेल्यावरही ते अंगावर राहतात. म्हणून लागण होते ती उशाशी बसलेल्या बायकोला, नर्सला, प्रेताला आंघोळ घालणाऱ्यांना.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला आमच्या ऑफिसचा ड्रायव्हर मुबेंडेला चुलत्याच्या मातीला जाऊन आला. सोमवारी त्यानं सवयीनं हात पुढे केला. इथलं हस्तांदोलन लांबतं. घरच्या सगळ्यांची चौकशी होईपर्यंत हात सुटत नाही. मी कोपर पुढे केलं. तो हसला, हात मागे घेतला आणि गेटपाशी ठेवलेल्या पिवळ्या कॅनच्या तोटीखाली जाऊन धुऊ लागला. क्लोरीनचा वास माझ्यापर्यंत आला. मला माझीच लाज वाटली, पण कोपर काही मी मागे घेतलं नव्हतं.

चुलत्याचं काय झालं होतं, तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पांढऱ्या पोशाखातली माणसं आली, त्यांनी प्रेताचा नमुना घेतला, पिशवी बंद केली आणि स्वतःच पुरलं. घरचे लांब उभे. "आम्ही त्याला धुतलंसुद्धा नाही, मॅडम," हे तो मला तीनदा म्हणाला.

दोन दिवसांनी रिपोर्ट निगेटिव्ह आला. तरी साहेबांनी त्याला पगारी सुट्टीवर एकवीस दिवस घरी बसवलं. लागण झाली तर लक्षणं २ ते २१ दिवसांत दिसतात, त्यावरून हा आकडा. रिपोर्ट निगेटिव्ह असताना त्याला काही अर्थ नव्हता. हे मला समजत होतं, मी बोलले नाही. उलट रोज संध्याकाळी तो व्हॉट्सअ‍ॅपवर ताप कळवायचा, ३६.४, ३६.७, आणि मी अकाउंटवाली बाई ते एक्सेलमध्ये चढवायची.

"लस नाही का?" भावानं विचारलं. आहे, पण झैरे प्रकारावर. पश्चिम आफ्रिकेत २०१४ ते २०१६ मध्ये ११ हजारांहून जास्त बळी घेतले तो हा प्रकार. मुबेंडेत पसरला होता सुदान प्रकार. दोन्ही १९७६ पासून माहीत आहेत, पण सुदानवर मान्यता मिळालेली लस नव्हती. १५ ऑक्टोबरला मुबेंडे आणि शेजारचा कसांडा जिल्हा बंद केला. १४२ जणांची लागण तपासणीत पक्की ठरली, त्यातले ५५ गेले. त्यांत दवाखान्यात काम करणारेही होते. साथ संपल्याचं जाहीर झालं ११ जानेवारी २०२३ ला. त्यासाठी ४२ दिवस, म्हणजे एकविसाच्या दुप्पट, नवा रुग्ण सापडता कामा नये असा नियम आहे.

ड्रायव्हर अर्थात त्याच्या बराच आधी कामावर आला. आल्याआल्या म्हणाला, माझा तक्ता दाखवा. बोटानं एकेक ओळ खाली उतरत गेला. नवव्या दिवसाचा रकाना रिकामा होता.

"त्या दिवशी लाइट नव्हती, फोन बंद पडला. छत्तीस पाच लिहा."

मी लिहिलं.