भीती नाही वाटली का? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या जिन्यात, पतसंस्थेच्या काउंटरपलीकडून, आणि परवा तर दातांच्या दवाखान्यात तोंडात कापसाचे बोळे असताना. गेल्या नोव्हेंबरापासून प्रश्न तोच. "एकटीच गेला होतात म्हणे अंदमानला? भीती नाही वाटली?"

डॉक्टरीणबाईंना मी नुसती मान हलवून 'नाही' म्हटलं. बाकीच्यांनाही हेच सांगत आलेय. खोटं नाही ते. पण दर वेळी सांगताना काहीतरी घशाशी येतं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. पुढच्या लग्नात कुणी विचारलं तर हे वाचायला देईन आणि मी आपली जिलेबी खाईन.

किती दिवस गेले, काय काय पाहिलं, ते तुम्हाला माहीत आहे; फोटो सगळ्यांनी पाहिलेत. अंदमानच का, एवढं सांगते. लक्षद्वीपला आपल्यालाही आधी परवाना काढावा लागतो. मालदीवला पासपोर्ट लागतो, माझा कधीच संपलाय. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील एवढंच करायचं तर आधार कार्डावर भागतं. आधी एका टूरवाल्याकडे गेले होते. "मॅडम, जोडीला कोण?" कोणी नाही म्हटल्यावर त्यांनी कॅल्क्युलेटर पुढे ओढला आणि एकट्या माणसाला पूर्ण खोलीचे पैसे कसे पडतात ते मला समजावलं. कर्ज विभागात वीस वर्षं काढलीत मी. आकडेमोड कुणी समजावली की मला राग येतो. घरी येऊन रात्री साडेअकरापर्यंत बसले आणि स्वतः तिकिटं काढली. पुणे ते चेन्नई, रात्र चेन्नईच्या विमानतळावरच्या खुर्चीत, सकाळी पोर्ट ब्लेअर.

नवऱ्याला का नेलं नाही? त्यांना बोट लागते, तापोळ्याच्या लाँचमध्येसुद्धा डोकं धरून बसतात. हे मी सगळ्यांना सांगते आणि ते खरंही आहे. पण त्यांना बोट लागत नसती तरी मी नेलं नसतं. चार दिवस 'चहा ठेवू का' हा प्रश्न मला कुणाला विचारायचा नव्हता. भांडण नाही, काही नाही. चोवीस वर्षं झाली लग्नाला, एवढंच. सासूबाईंना मात्र 'ऑफिसातल्या बायकांचा ग्रुप आहे' असं सांगून गेले. कबूल करते.

त्या ग्रुपने पहिल्याच दिवशी मला गाठलं. सेल्युलर जेलच्या अंगणात एक मराठी सहल होती, सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या टोप्या. त्यांतल्या एका काकूंनी माझं मराठी ऐकलं (मी फोनवर मुलीशी बोलत होते) आणि थेट माझा दंड धरला. "अगं, चुकलीस का? तुझा ग्रुप कुठाय?" नाहीये म्हटलं, तर त्यांनी इकडे तिकडे पाहून, आवाज खाली आणून विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" पुढचा तासभर त्यांनी मला सोडलं नाही. सावरकरांच्या कोठडीपर्यंत जिना चढताना माझी पाण्याची बाटली त्यांच्याच पिशवीत. गाइड सांगत होता की सात इमारतींपैकी तीनच उरल्यात, आणि प्रत्येक ओळीतल्या कोठड्यांचं तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला कैदी दिसू नये. काकू म्हणाल्या, "बघ, एकटं ठेवणं ही शिक्षा असते." आता यावर काय बोलणार.

हॅवलॉकला पहिले दोन दिवस छान गेले. (२०१८पासून कागदावर स्वराज द्वीप, पण रिक्षावाले हॅवलॉकच म्हणतात.) भीतीचं म्हणाल तर राधानगरच्या किनाऱ्यावर मगरीच्या सूचनेचा फलक आहे, तो वाचून पोटात गोळा आला. २०१०मध्ये त्याच बाजूला पाण्यात उतरलेल्या एका अमेरिकन तरुणीचा मगरीने जीव घेतला. ती एकटी नव्हती, मित्र बरोबर होता. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण तुमच्या प्रश्नात 'बरोबर कुणी असतं तर' हे दडलेलं असतं. दुसरी गंमत अंधाराची. आमच्याकडे लहानपणापासून दिवेलागणीच्या आत घरी यायचं. घड्याळ आपलंच, पण बेटं पार पूर्वेला, त्यामुळे नोव्हेंबरात तिथे पाचलाच दिवेलागण. साडेपाचला मिट्ट काळोख आणि किनाऱ्यावर शिट्ट्या. मी पावणेपाचला खोलीत परतायचे, आईला बरं वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या बोटीने नीलला जायचं होतं. सकाळी खोली सोडली. तिकडे खोल्या सकाळीच रिकाम्या करायला लावतात आणि लगेच पुढच्या माणसाला देतात. जेट्टीवर जाऊन बसले. समुद्र शिसवी रंगाचा झाला होता, पाऊस आडवा येत होता. आधी 'उशीर आहे', मग 'बघू', मग तीनच्या सुमाराला 'आज काहीच जाणार नाही, उद्याचं सांगता येत नाही.' जेट्टीवरचा एक हमाल अगदी शांतपणे म्हणाला की हे काहीच नाही, २०१६च्या डिसेंबरात वादळात लोक असेच अडकले होते, शेवटी नौदलाची जहाजं आली न्यायला. धीर द्यायला सांगत होता बिचारा.

माझी खोली गेली होती. जे जाणार होते ते जागेवरच राहिलेले, त्यामुळे सगळीकडे 'फुल'. दोन ठिकाणी नकार घेतला. पाच वाजले, दिवे लागले, बॅगेचं एक चाक चिखलात निघालं. तिसऱ्या ठिकाणी काउंटरमागे किल्ल्या लटकलेल्या दिसत होत्या. चार. मी मोजल्या.

"सिंगल लेडी को नहीं देते, मैडम."

मी आधार कार्ड ठेवलं. पतसंस्थेचं ओळखपत्र ठेवलं. दोन रात्रींचे पैसे रोख देते म्हटलं. माणूस वाईट नव्हता, पंचविशीतला पोरगा होता, ओशाळला होता. मालक कलकत्त्याला, त्यांचा हुकूम. मी विचारलं, मला काय होणार आहे इथे? तो खाली बघून म्हणाला, "अकेला आदमी कुछ कर लेता है, फिर पुलिस हमको पूछती है." म्हणजे त्याला माझ्या अब्रूची काळजी नव्हती. पंख्याची होती. 'आदमी' म्हणाला, पण पुरुषांना खोली नाकारत होता असं काही मला दिसलं नाही. माझ्या डोळ्यांदेखत पाठीवर पिशवी घेतलेला एक मुलगा किल्ली घेऊन जिना चढला. तीन उरल्या.

"हज़बंड से बात करा दीजिए. फिर दे देंगे."

एकट्या बाईला खोली देऊ नये असा आपल्याकडे कुठलाही कायदा नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. मुलीला मी होस्टेलला सोडताना हेच शिकवलं होतं, कायदा काय सांगतो ते विचार, आवाज चढवू नको, लेखी माग. मी लेखी मागितलं नाही. ओढणीने फोन पुसला, नंबर लावला आणि काउंटरवरून पलीकडे दिला. दुसऱ्यांदा विचारायचीसुद्धा वेळ आणली नाही मी त्याच्यावर.

कराडहून यांचा आवाज मला अर्धवट ऐकू येत होता, मागे टीव्ही चालू. "हाँ हाँ, हमारी मिसेस है वो. हमारी परमिशन है. देके टाको रूम."

पोरगा तीनदा 'जी सर' म्हणाला. मग रजिस्टर ओढून त्याने आधी नवऱ्याचं नाव लिहिलं, मग माझं. चेन्नईहून समुद्राखालून २३०० किलोमीटरची केबल टाकलीय, २०२०मध्ये सुरू झाली. तिच्याआधी म्हणे हॅवलॉकला फोनचे फार हाल होते. त्या रात्री अंथरुणावर पडून मला वाटत होतं, नसती टाकली तर काय बिघडलं असतं.

पण ऐका, खरं दुखतं ते याच्या पुढचं. पाऊस थांबल्यावर बाजारातल्या ज्या खानावळीत दोन दिवस मासळी-भात खात होते तिथे गेले. चालवणाऱ्या बाई बंगाली, सासरे पन्नासच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून निर्वासित म्हणून आलेले, सरकारने दिलेल्या जमिनीवर जंगल तोडून भात लावलेले. हॅवलॉकवरची पुष्कळ घरं अशीच. मी खोलीची कथा सांगितली, थोडी हसवून. त्या हसल्या नाहीत. ताटात आणखी भात वाढत म्हणाल्या, "मेरे को बोलना था ना. ऊपर का कमरा खाली है. सो जाती."

दोन दिवस त्यांच्याकडे जेवले होते. त्यांच्या सुनेचं डोहाळजेवण कधी आहे इथपर्यंत मला माहीत होतं. आणि तिथे जाऊन विचारावं हे माझ्या मनातही आलं नाही. मनात आलं ते नवऱ्याचं नाव.

तेव्हाची मी म्हणते, भिजली होतीस, अंधार होता, दमली होतीस, सोपा रस्ता घेतलास तर काय चुकलं? नवरा आहे, शत्रू नाही. खरंय. कुणी अडचणीत भावाला फोन लावतं, कुणी मैत्रिणीला. मी म्हणते, मदत मागितली असतीस तर वेगळं. तू फोन दिलास तो मदतीसाठी नाही, सहीसाठी. ती म्हणते, आता घरी गरम चहा पिताना बोलणं सोपं आहे. हे भांडण आठवड्यातून एकदा तरी होतं, बहुतेक भांडी लावताना. अजून कुणी जिंकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोटी सुटल्या. नील राहिलंच.

आता नवऱ्याबद्दल. मे महिन्यात पुतणीच्या लग्नात हे आठ-दहा जणांना सांगत होते, "अहो, हिला तिथे खोली देईनात. मी इथून कराडहून फोनवर मिळवून दिली." सगळे हसले, मीही हसले. त्यांच्या बाजूने पाहिलं तर शब्दन् शब्द खरा आहे. रात्री मी म्हटलं, ते परमिशन नसतं म्हणालात तर चाललं असतं. त्यांना शब्द आठवतच नव्हता. "तुला खोली मिळावी म्हणून बोललो गं, त्याला जे ऐकायचं होतं ते." यालाही माझ्याकडे उत्तर नाही. सासूबाईंना तिथेच कळलं की ग्रुप वगैरे काही नव्हता. त्या एवढंच म्हणाल्या, "मला सांगायचंस. मी नको म्हटलं असतं, पण सांगायचंस."

तर, भीती नाही वाटली. मगरीची थोडी. तुम्ही ज्या भीतीबद्दल विचारता ती त्या चार किल्ल्यांसमोर नव्हती, मला नुसती लाज वाटली, आणि तुम्ही विचारता तेव्हा तीच परत वाटते, म्हणून मी तुटक बोलते. राग मानू नका.

आणखी एक, सांगावं की नाही ठरत नव्हतं. परतल्यावर दुसऱ्याच आठवड्यात एक बाई आल्या, शिलाई मशिनसाठी कर्ज हवं होतं. कागद चोख, हप्ते स्वतःच्या कमाईतून भरणार, दोन जामीनदार बरोबर आणलेले. मी फाइल उलटली आणि तोंडातून आपोआप निघालं, "मिस्टरांची सही?" आमच्या अर्जात सहकर्जदाराचा रकाना आहे. वीस वर्षांत किती बायकांना हे विचारलं असेल, मी मोजलेलं नाही. बाई म्हणाल्या, ते मुंबईला असतात, रविवारी येतील.

माझं पेन त्या रकान्यावर थोडा वेळ थांबलं, हे खरं. साहेबांना विचारता आलं असतं. मागे रांग होती.

रविवारी बंद असतं, म्हटलं. सोमवारी घेऊन या.