हात जमिनीला टेकलेले होते

मी ऑक्युपेशनल थेरपीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जूनमध्ये मालवणला घरी आले, तेव्हा एका तान्ह्या बाळाचं निरीक्षण करून अहवाल लिहायचं काम सोबत होतं. अंगणवाडीच्या ताईंनी समुद्राकडच्या वाडीतलं एक घर सुचवलं आणि तिथल्या बाळाच्या आईची परवानगीही मिळवून दिली. मासेमारी बंदी 1 जून ते 31 जुलै असते, त्यामुळे बाळाचे बाबा घरीच होते. पडवीत बसून ते जाळी दुरुस्त करत होते.

बाळ आठ महिन्यांचं. आईने त्याला चटईवर बसवलं. पाठीला बाक, दोन्ही तळवे समोर जमिनीवर रोवलेले. मी लाल ठोकळा पुढे ठेवला. त्याने तो बघितला, बघतच राहिला, पण उचलला नाही. मी पेन्सिल काढली आणि बाळाची वाढ तपासायच्या त्रिवेंद्रम तक्त्यावर उभी धरली. या तक्त्यात दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी 17 गोष्टी असतात, आणि प्रत्येक गोष्ट साधारण कोणत्या वयात जमते ते एका आडव्या पट्टीने दाखवलेलं असतं. आपल्या बाळाच्या वयावर पेन्सिल उभी धरायची आणि तिच्या डावीकडे संपणाऱ्या पट्ट्यांतलं बाळाला काही जमत नसेल, तर काळजीने बघायचं. 'एका हातातून दुसऱ्या हातात वस्तू घेणे' ही पट्टी डावीकडेच संपत होती. मी 'नाही' लिहिलं. माझ्या पोटात गोळा आला.

तेवढ्यात आजी म्हणाल्या, "गो बाय, दिस भरूच्या आधीच इलो तो. दोन महिने आधी."

हे मी सगळ्यात आधी विचारायला हवं होतं. आईने माता-बाल कार्ड आणलं. जन्म 32 व्या आठवड्यात, म्हणजे पूर्ण दिवसांच्या 40 आठवड्यांना 8 कमी. बाळ 35 आठवड्यांचं होतं. त्यातून 8 वजा केले की 27, म्हणजे जेमतेम सहा महिने. अशा बाळांचं वय दोन वर्षांपर्यंत असंच सुधारून धरायचं असतं. पेन्सिल मागे सरकवली, तर ती पट्टी अजून संपलेली नव्हती.

पण मला त्याहून मोठी चूक दिसली ती घरी टिपणं वाचताना. त्याचे हात रिकामे कुठे होते? बसल्यावर तोल सांभाळायला तो हातांचाच टेकू घेत होता. सहा महिन्यांचं बाळ असंच बसतं. मी हाताची परीक्षा घेत होते आणि हात धडाचं काम करत होते.

चार दिवसांनी परत गेले. या वेळी ठोकळा काढलाच नाही. बाबांनी त्याला मांडी घालून आपल्या पुढ्यात बसवलं होतं, कंबरेला दोन्ही बाजूंनी हात. समोर जाळ्याचा प्लास्टिकचा बोया पडला होता. बाळाने तो उजव्या हाताने ओढला, तोंडात घातला, मग डाव्या हातात घेतला. परत उजव्या. मी दहा मिनिटं फक्त बघत राहिले. आजी म्हणाल्या, "बापाशीचो झील तो, जाळाच होया त्येका."

लवकर जन्मलेल्या बाळाकडे लक्ष ठेवावंच लागतं, वय सुधारलं म्हणून थांबायचं नाही. डोळ्यांची आणि कानांची तपासणी झाली होती, कार्डावर नोंद होती. पालथं ठेवायला आईला भीती वाटायची, म्हणून जागेपणी, समोर बसून, थोडा थोडा वेळ ठेवायला सांगितलं. ताईंना सगळी टिपणं दिली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आलं की त्या त्याला दाखवणार आहेत.

अहवालात पहिल्या दिवसाचं 'नाही' खोडलेलं नाही. त्याच्यापुढे मी बाळ कसं बसलं होतं ते लिहिलंय.