म्हैस खंगत होती आणि रिपोर्ट ‘निल’ येत होता

जबड्याखाली पाणी उतरलं, शेण पातळ झालं, दूध निम्म्यावर आलं. शेजारच्या काकांनी बघताक्षणी सांगितलं, “बोडीतल्या गोगलगायी भोवल्या हिला.” आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, काठाला चरणाऱ्या जनावरांना लिव्हर फ्लूक (यकृतातले चपटे जंत) होतो, हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. पण औषधाआधी शेणाचा रिपोर्ट हवा होता, आणि तिथे तीन आठवडे गेले.

पहिला रिपोर्ट: अंडी आढळली नाहीत. पुन्हा पहाटेचं ताजं शेण डबीत घेऊन अठ्ठावीस किलोमीटर गेलो. दुसराही निल. इकडे म्हैस उठेना. शेवटी नागपूरला पशुवैद्यकीय शिकणारी भाची फोनवर म्हणाली, “मामा, तपासतात कसं ते विचारा.” विचारलं. मिठाच्या दाट पाण्यात शेण कालवून वर तरंगलेली अंडीच बघत होते! फ्लूकची अंडी जड, ती तळाशी बसतात. शेण साध्या पाण्यात कालवून गाळायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी ओतायचं. पाणी नितळ होईपर्यंत हेच, मग तळचा गाळ बघायचा. मी टेबलापाशी उभा राहून करवून घेतलं. पिवळसर अंडी लगेच दिसली. एवढ्यासाठी तीन आठवडे! अजून आठवलं की डोकं तापतं. तुम्ही नमुन्याच्या चिठ्ठीवरच ‘गाळ बसवून तपासणी’ असं लिहून घ्या. लागण नवी असेल तर पहिले तीन-चार महिने अंडी सापडतच नाहीत, तेव्हा निल आला तरी लक्षणं डॉक्टरांना सांगाच.

औषधाने म्हैस सावरली. दूध किती दिवस वापरायचं नाही, ते मात्र आधी विचारा.

गोगलगायी मारायला मी बोडीत मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकायला निघालो होतो. डॉक्टरांनी अडवलं: मासोळी मरेल, आणि त्या बोडीवर ढिवरांची, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांची, घरं चालतात. मेंढ्यांनाही मोरचूद बाधतं. मग उथळ काठ बाभळीच्या काट्यांनी बंद केला, पाण्यासाठी बोअरजवळ टाकं बांधलं, आठ बदकं सोडली. गोगलगायी ती वेचून खातात. शेण पाण्याकडे जाऊ न देता खड्ड्यात कुजवतो, कारण अंडं पाण्यातच फुटतं आणि त्यातली अळी गोगलगायीत शिरते. गोगलगायीतून बाहेर पडून ती काठच्या गवताला चिकटते, म्हणून तिथला हिरवा चारा कापत नाही. ओल्या बांधीतली (धानाच्या शेतातली) तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, चांगली वाळवून, जुनी झाल्यावरच घालतो.

बदकं रात्री खुराड्यात कोंडा. आमची दोन रानमांजराने नेली.